लिहिता लिहिता समोरच्याला दिसणारं चॅट बनवतोय : देवनागरीत घोळ होतोय, मदत हवी

तिसरं गेट
नमस्कार मंडळी. लांबड आहे, चहा घेऊन बसा.

माझी थोरली बहीण, अक्का, चिकोडीला दिलेली. लहानपणीच तिचं ऐकू येणं गेलं. ओठ बघून बोलणं ओळखते, पण माणूस समोर असेल तरच. व्हिडिओ कॉलवर चित्र अडकलं की ओठही अडकतात. मग उरलं चॅट, आणि चॅटवर आमची हमखास भांडणं. मी इकडे चार ओळी लिहीत बसतो, तिला तिकडे नुसते तीन ठिपके नाचताना दिसतात. कंटाळून तीही लिहायला घेते. मग माझं उत्तर तिच्या आधीच्या प्रश्नाला आणि तिचं माझ्या त्याच्याही आधीच्या. आईला बेळगावात दाखवायचं की तिकडेच, एवढं ठरवायला मागे पाऊण तास गेला आणि शेवटी अक्का रुसली.

म्हणून घरच्या जुन्या लॅपटॉपवर प्रॉसडी हा चॅटचा सर्व्हर टाकला आणि स्ट्रोफी लायब्ररी घेऊन वेबसॉकेटवर, म्हणजे ब्राउझर-सर्व्हरमधल्या सतत उघड्या जोडणीवर चालणारं स्वतःचं छोटं वेब चॅट लिहायला घेतलं. त्यात मी टाइप करत असतानाच तिला दिसलं पाहिजे, एंटरची वाट न बघता. याची रीत ठरलेली आहे, एक्सएमपीपी या चॅटच्या खुल्या नियमावलीतली एक्सईपी-०३०१ ही पुरवणी. नेहमीच्या मेसेजमध्येच ‘आरटीटी’ (रिअल टाइम टेक्स्ट) नावाचा छोटा घटक जातो. त्यात तीनच क्रिया : टी म्हणजे अमुक जागी हे घाल, ई म्हणजे अमुक जागेपासून मागची इतकी खोड, डब्ल्यू म्हणजे इतके मिलिसेकंद थांब. दर अक्षराला वेगळा मेसेज धाडत नाहीत. ०.७ सेकंदाचं साठवून एकदम पाठवायचं आणि मधले थांबे डब्ल्यूत भरायचे. गठ्ठा एकदम पोचला तरी पलीकडे तो माझ्याच ठेक्यात उलगडतो. एंटर मारलं की पूर्ण मेसेज जातो आणि कच्च्या मजकुराच्या जागी बसतो.

इंग्रजीत अर्ध्या दिवसात चाललं. मराठीत तीन ठिकाणी आपटलो.

पहिलं म्हणजे, अक्कानं हात जोडलेली इमोजी टाकली, मग ती बदलून हसून डोळ्यात पाणी येणारी टाकली. माझ्याकडे दोन चौकोनी डबे! मजकूर नुसता मराठी असतो तेव्हा असलं काही होत नाही.

दुसरं, ‘दऱ्याखोऱ्यात’ लिहून पुढचं काही खोडलं की पलीकडे भलतंच अक्षर उडतं. ते फक्त तिच्या फोनवरून लिहिलेल्या मजकुरात होतं, माझ्या इनस्क्रिप्ट कळफलकावरून कधीच नाही.

तिसरं म्हणजे दिसायला वाईट दिसतं. ‘स्थिती’ लिहिलं की पलीकडे आधी स, मग पाय मोडलेला स्, मग स्थ, मग वेलांटी टुणकन डावीकडे उडी मारते. अक्का म्हणते, डोळे दुखतात रे.

कोणी हे केलंय का?


निपाणी स्टँड
लई भारी काम करायलाय की ओ! आम्हाला यातलं ओ की ठो कळत नाही, पण वाचायलोय.


टर्मिनल आजोबा
अहो, हे नवं नव्हे. ४.२ बीएसडी युनिक्समध्ये १९८३ सालीच ‘टॉक’ नावाची आज्ञा होती. पडदा आडवा दुभागलेला, वरच्या अर्ध्यात तुम्ही, खालच्यात समोरचा, आणि त्यानं दाबलेली कळ न् कळ दिसायची. नव्वदीत कॉलेजच्या लॅबमध्ये आम्ही दोघं एकमेकांना पाठ करून बसायचो आणि टॉकवर वाद घालायचो. त्याचा बॅकस्पेस दिसला की आम्ही इकडे खुशीत. पुढे गूगल वेव्हनं २००९ मध्ये हेच आणलं होतं. लोकांना रुचलं नाही, वर्षभरात गाशा गुंडाळला.

तुमच्या अक्कांच्या संदर्भात मात्र याची मुळं आणखी मागे जातात. रॉबर्ट वाइटब्रेख्ट नावाचे अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ होते, स्वतः कर्णबधिर. त्यांनी १९६४ मध्ये टेलिप्रिंटर साध्या टेलिफोनला जोडायची युक्ती काढली. रिसीव्हर उचलून यंत्राच्या दोन वाट्यांत ठेवायचा, यंत्र अक्षरांचे सूर करून लायनीवर सोडणार. तेच पुढे टीटीवाय. पण त्यात एका वेळी एकालाच लिहिता यायचं. आपलं संपलं की ‘जीए’ लिहायचं, म्हणजे ‘आता तू बोल’. अमेरिकेच्या दूरसंचार नियामकानं डिसेंबर २०१६ मध्ये मोबाइल कंपन्यांना टीटीवायच्या जागी रिअल टाइम टेक्स्ट वापरायची मुभा दिली. त्यात दोघांनाही एकदम लिहिता येतं, ‘जीए’ची भानगड नाही.

चौकोनी डब्यांचं कारण मला वाटतं माहीत आहे, पण आधी सांगा, जुन्या-नव्या मजकुरातला फरक कसा काढता?


तिसरं गेट
आजोबा, दोन्ही मजकूर पुढून मिळतात तितके सोडतो, मागून मिळतात तितके सोडतो, मधलं उरेल ते जुनं खोडायचं आणि नवं घालायचं. कळ दाबल्याच्या घटनेवर नाही, ‘इनपुट’ घटनेवर, म्हणजे मजकूर बदलला की. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये जवळजवळ प्रत्येक कळेचा क्रमांक २२९ येतो, त्यावरून काही कळत नाही.


टर्मिनल आजोबा
मग सापडलं. जावास्क्रिप्ट मजकूर १६ बिटांच्या तुकड्यांत मोजते. आपली सगळी देवनागरी युनिकोडच्या यू+०९०० ते यू+०९७एफ या पट्ट्यात बसते, तिथे एक चिन्ह म्हणजे एक तुकडा. म्हणून मराठीत सगळं सुरळीत. इमोजी त्या मर्यादेबाहेर, त्यांना दोन तुकडे लागतात. तुमच्या दोन्ही इमोजींचा पहिला तुकडा एकच आहे. तुमच्या कोडनं तो ‘पुढून मिळतो’ म्हणून सोडला आणि फक्त दुसरा तुकडा बदलायला पाठवला. नुसता अर्धा तुकडा वेबसॉकेट पुढे जाऊ देत नाही, त्याच्या जागी प्रश्नचिन्हाचा चौकोन घालते. पलीकडे एक अनाथ अर्धुक आणि एक चौकोन, झाले दोन डबे.

एक्सईपी-०३०१ मध्ये जागा आणि संख्या युनिकोड कोडबिंदूंत, म्हणजे युनिकोडनं एकेका चिन्हाला दिलेल्या क्रमांकांत मोजायच्या असतात. मजकूर आधी कोडबिंदूंच्या यादीत फोडा, मगच तुलना करा.


मनातले मांडे
तांत्रिक चर्चेत बिब्बा घालते, माफ करा. पण मला हे भयंकर वाटतं. सासूबाईंना उत्तर लिहिताना मी तीनदा लिहून तीनदा खोडते. ती तिन्ही त्यांना दिसली तर पुढच्या दिवाळीला मला बेळगावला यायचं तोंड राहायचं नाही.


निपाणी स्टँड
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).


मनातले मांडे
काय लिहून उडवलंत ओ निपाणी? तिसरं गेट यांचं चॅट असतं तर आमचं वाचूनही झालं असतं.


निपाणी स्टँड
म्हणूनच म्हणतोय, नको असलं चॅट. :)


अर्धा कान
मी या धाग्यातली ‘अक्का’च समजा. उजवा कान पूर्ण गेलेला, डाव्यात यंत्र.

मनातले मांडे, तुमचं बरोबर आहे. पण एक बघा. तुम्ही सासूबाईंशी तोंडानं बोलता तेव्हा ‘नाही म्हणजे... तसं नाही हो... मला म्हणायचं होतं’ हे सगळं त्यांना ऐकू जातंच. ऐकणाऱ्या माणसाला समोरच्याचं अडखळणं फुकट मिळतं. त्यावरूनच तो ओळखतो की हिला संकोच वाटतोय, विषय बदलूया. मला ते कधीच मिळालं नाही. मला मिळतो तो इस्त्री केलेला मेसेज.

दुसरी गोष्ट ऐकणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही, ती मध्येच बोलण्याची. घरात चार माणसं बोलतात तेव्हा कोणीही कुणाचं वाक्य पूर्ण होऊ देत नाही. ‘अगं तो ना काल’ म्हटलं की दुसरी म्हणते, ‘कळलं, कळलं, पुढं बोल.’ चॅटवर मला ते जमत नाही, कारण समोरचा काय म्हणतोय ते तो पूर्ण म्हणून झाल्यावरच कळतं. लिहितानाच दिसलं तर मला मध्ये तोंड घालता येईल. मला हवंय ते एवढंच.

तिसरं गेट, तुम्ही अक्षर-अक्षर दाखवायच्या मागे लागला आहात. अक्कांना विचारून बघा, त्यांना अक्षर हवंय की शब्द? मी पाय मोडलेला स् वाचत नाही. कोणीच वाचत नाही.


तिसरं गेट
खरं सांगतो, हे मी विचारलंच नव्हतं. आज विचारतो.

मनातले मांडे, तुमची भीती रास्त आहे. दोघांनीही चालू केल्याशिवाय काही जात नाही, असंच ठेवलंय. आणि कळफलकाजवळ ‘झाकून लिही’ असं बटण आहे. ते दाबलं की ‘कॅन्सल’ जातो, पलीकडचा कच्चा मजकूर गायब होतो आणि पुढचं नेहमीसारखं एंटरनंतर.


मलप्रभा
‘दऱ्याखोऱ्या’चं उत्तर माझ्याकडे आहे, यातच माझे दोन आठवडे गेलेत. (नोकरीत. कुठे ते विचारू नका.)

आपला ऱ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक सलग, यू+०९३१. दुसरा म्हणजे साधा र आणि त्याखाली नुक्ता, असे दोन कोडबिंदू. डोळ्यांना फरक शून्य. तुमच्या इनस्क्रिप्टवर सलग येतो, अक्कांच्या फोनचा कीबोर्ड बहुतेक दोन पाठवतोय. आता सांगा, मजकूर मिळाल्यावर तुम्ही तो प्रमाणरूपात आणताय का? म्हणजे एनएफसी करताय ना?


तिसरं गेट
करतोय. शोध नीट चालावा म्हणून. अरे देवा.


मलप्रभा
तेच ते. एनएफसी केलं की र अधिक नुक्ता याचा सलग ऱ होतो. दोनाचा एक. पाठवणारीच्या हिशेबात पुढचं अक्षर दहाव्या जागी, तुमच्या हिशेबात नवव्या. मग ‘दहावं खोड’ म्हटलं की भलतंच उडणार. ‘दऱ्याखोऱ्यात’ मध्ये ऱ दोनदा, म्हणजे दोन घरं सरकली.

गंमत पुढे आहे. हिंदीतले क़, ज़ वगैरे सलग कोडबिंदू असतात, त्यांना एनएफसी लावलं तर उलट एकाचे दोन होतात. ते एकत्र करायचे नाहीत अशा अपवादांच्या यादीत आहेत. म्हणजे मराठीत गणित उणे, हिंदीत अधिक. आणि काही जण ऱ्य लिहायला र, हलंत आणि मध्ये न दिसणारा जोडक घालतात. तोही एक कोडबिंदू, मोजायचाच.

नियम असा, की पाठवणाऱ्यानं मोजलं तेच बफरात (साठवलेल्या कच्च्या मजकुरात) राहू द्या. शोधासाठी प्रत वेगळी काढा.

आणि तुम्ही बेळगावचे आहात, कधी ना कधी कोणीतरी कन्नड लिहिणारच. तिथला दीर्घ ओकार सलग असेल तर एक कोडबिंदू, सुटा केला तर तीन. आमच्या घरात एका मेसेजमध्ये सुरुवात मराठी, मधे कन्नड, शेवटी शिवी मराठी. त्यावर तपासल्याशिवाय झालं म्हणू नका.


आजोळ खानापूर
एक व्यवहारातला प्रश्न. मी जांबोटीहून चोर्ल्याकडे जाताना रेंज तीनदा जाते. मधला एखादा गठ्ठा हरवला तर? पुढचं सगळं चुकीच्या जागी पडणार ना?


तिसरं गेट
नाही पडत. प्रत्येक आरटीटी घटकाला क्रमांक असतो, एकेकानं वाढणारा. बाराच्या नंतर चौदा आला की पलीकडचा समजतो, काहीतरी हुकलं. मग तो अंदाज बांधत नाही, आहे तिथं थांबतो आणि ‘रीसेट’ची वाट बघतो. रीसेटमध्ये आतापर्यंतचा अख्खा कच्चा मजकूर नव्यानं जातो. लिहिणं चालू असेल तर दर दहा सेकंदांनी रीसेट पाठवायची शिफारस आहे, म्हणजे फार तर दहा सेकंद अडकाल. जोडणी तुटून परत लागली की मी लगेच रीसेट टाकतो.

डेटाची काळजी नको. ०.७ सेकंदाला एक म्हणजे सतत टाइप केलं तरी मिनिटाला ८५ गठ्ठे, तेही छोटे.


आजोळ खानापूर
आणि हे अर्धवट लिहिलेलं सर्व्हरवर साठत नाही ना?


टर्मिनल आजोबा
ज्या मेसेजला मुख्य मजकूर नसतो तो संग्रहात सहसा जात नाही. तरी एक्सईपी-०३३४ मधली ‘साठवू नको’ ही खूण लावून ठेवावी.

यापेक्षा मोठं भगदाड दुसरीकडे आहे. ओमेमो, म्हणजे मेसेज कुलूपबंद करायची सोय, लावलंय का? त्याच्या जुन्या आवृत्तीत फक्त मुख्य मजकूर कुलूपबंद होतो. आरटीटी त्याच्या बाहेर, उघडाच जातो. म्हणजे दाराला कुलूप आणि खिडकी सताड. ओमेमो चालू असेल तेव्हा आरटीटी बंद ठेवा. सर्व्हर तुमच्या घरच्या लॅपटॉपवर आहे तोवर प्रश्न नाही, म्हणा.


पडदावाचक
दृष्टिहीन वापरणाऱ्यांचाही विचार करा. कच्चा मजकूर ज्या डब्यात दिसतो त्याला ‘आरिया लाइव्ह’ (बदललेला मजकूर वाचून दाखवायला सांगणारी खूण) चालू ठेवलंत तर पडदावाचक (स्क्रीन रीडर) दर ०.७ सेकंदाला बडबडेल. कच्च्यासाठी बंद, पक्क्या मेसेजसाठी चालू. आणि मजकूर दाखवताना तो मजकूर म्हणूनच घाला, एचटीएमएल म्हणून नको, नाहीतर कोणी टाइप करता करताच तुमच्या पानात स्क्रिप्ट घुसवेल.


तिसरं गेट
हे दोन्ही आज रात्री करतो. धन्यवाद.

आता अक्काचं उत्तर. ती म्हणाली, “मला शब्द दे. अक्षरं तुझ्याकडे ठेव.” म्हणजे अर्धा कान यांचंच खरं.

पण इथे अडचण अशी की तिच्या कीबोर्डवर शब्द संपेपर्यंत तो अधांतरी, खाली रेघ असलेला राहतो. रोमन अक्षरांतून मराठी लिहिलं तर काही कीबोर्डांत आधी इंग्रजी अक्षरं येतात आणि शब्द निवडला की ती मराठी होतात. माझ्याकडे आधी ‘एन ए एम ए’ आणि मग अचानक ‘नमस्कार’. म्हणून ती ‘कंपोझिशन’ची अवस्था संपेपर्यंत पाठवायचंच नाही असं केलं. तिच्याकडून शब्द-शब्द येतं.

माझं इनस्क्रिप्ट मात्र थेट कोडबिंदू देतं. तिथं अजून स्, स्थ चालूच.


मलप्रभा
वाहिनीवर कोडबिंदूच जाऊ द्या, तिथे हात लावू नका, नाहीतर दुसऱ्या कुठल्या चॅटशी जुळणार नाही. थांबायचं ते दाखवताना. बफराचा शेवट हलंतानं किंवा न दिसणाऱ्या जोडकानं होत असेल तर शेवटचं अक्षर दाखवू नका. पण कायमचं अडवूही नका, कारण कोणी ‘अर्थात्’ लिहून विचार करत बसेल. अर्धा सेकंद वाट बघा, काही आलं नाही तर आहे तसं दाखवा.

मजकूर अक्षरांत फोडणाऱ्या, ब्राउझरमधल्या ‘इंटल सेगमेंटर’वर विसंबू नका. युनिकोड १५.१ मध्ये, म्हणजे २०२३ साली, देवनागरी जोडाक्षर एकसंध धरायचा नियम आला. त्याआधीचे ब्राउझर ‘क्ष’चे क् आणि ष असे दोन तुकडे पाडतात. आणि १५.१ च्या त्या यादीत कन्नड नव्हती.

आणखी एक. ‘कि’चं ‘की’ केलं तर तुम्ही ऱ्हस्व खोडून दीर्घ घालता. त्या दोन क्रियांच्या मध्ये डब्ल्यू आला तर पलीकडे क्षणभर नुसता ‘क’ दिसतो. खोडणं आणि घालणं एकाच दमात.


तिसरं गेट
रविवारचा अहवाल.

कोडबिंदूंत मोजणी, एनएफसी फक्त शोधाच्या प्रतीवर, हलंताला अर्धा सेकंद. इमोजी दहा वेळा बदलून बघितल्या, डबे नाहीत. ‘वाऱ्यावरच्या दऱ्याखोऱ्यातल्या पऱ्या’ असं एक वेडगळ वाक्य अक्काकडून लिहून घेतलं आणि मधूनमधून खोडायला लावलं. एकही अक्षर सरकलं नाही. वेलांटी अजून उडी मारते, पण ‘स्थ’ पूर्ण झाल्यावर एकदाच. त्यावर अक्का काही बोलली नाही, म्हणजे चालतंय.

मग खरं काम. मी लिहीत होतो, “आईला सोमवारी सकाळच्या बसनं घेऊन”, आणि तेवढ्यात खालच्या डब्यात तिचं उमटायला लागलं, “सोमवारी नको डॉक्टर नसतात”. मी हात उचलला. ‘घेऊन’ खोडलं, ‘सोमवारी’ खोडलं, ‘मंगळवारी’ घातलं. तिनं मी खोडताना बघितलं आणि लिहिलं, “हां”. एंटर दोघांनीही मारलं नव्हतं. पाऊण तासाचं काम दीड मिनिटात झालं. उरलेला वेळ माझ्या अशुद्धलेखनावर तिनं घालवला, कारण आता तेही तिला लिहिता लिहिता दिसतं.


अर्धा कान
ते ‘हां’ वाचून बरं वाटलं. मलाही जोडून घ्या.


मनातले मांडे
‘झाकून लिही’ आपोआप चालू राहील अशी सोय आहे का? एका विशिष्ट व्यक्तीसाठी?


तिसरं गेट
माणसागणिक ठेवतो, तासाभराचं काम. कन्नडचं तपासायला मात्र कोणीतरी हवंय, माझं कन्नड बसची पाटी वाचण्यापुरतं.


मलप्रभा
आमच्या घरचे सगळे बसवते कामाला. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. शिव्या मराठीतूनच येतील.